उरलेल्या स्क्रूची चिकित्सक आवृत्ती

घरी जोडलेला कॉम्प्युटर सुरू होतो, पडद्यावर अक्षरं उमटतात, पेढे वाटून होतात, आणि मग टेबलावर अंथरलेलं वर्तमानपत्र गोळा करताना त्याच्या घडीतून एक स्क्रू घरंगळत येतो. त्या स्क्रूचं पुढे करायचं काय, या प्रश्नाकडे मराठी विद्वत्तेने आजवर ढुंकूनही पाहिलेलं नाही. बखरींतल्या तिथ्यांवरून आपल्याकडे विद्वानांची तोंडं दोन दिशांना गेली, संतांच्या जन्मगावांवरून आयुष्यभराचे अबोले झाले. उरलेल्या स्क्रूवर मात्र साधं टिपण नाही. ही उणीव भरून काढण्यासाठी प्रस्तुत लेखकाने तीन महिने, घरचा विरोध पत्करून, जे संशोधन केलं त्याचा हा गोषवारा.

लेखकाचा अधिकार काय, असं कुणी विचारील. मी ३१ वर्षं मुद्रितशोधक होतो, अप्पा बळवंत चौकाजवळच्या एका बोळातल्या छापखान्यात. त्यातली पहिली ११ वर्षं खिळ्यांच्या छपाईची. शिशाचा एकेक अक्षराचा ठोकळा म्हणजे खिळा. तो केसच्या घरातून उचलून ओळ लावणारा तो जुळारी. आणि त्याने काय लावलं आहे हे ओल्या प्रुफावरून वाचून त्याचा रोष ओढवून घेणारा तो मी. डिग्री टाइपात मात्रा, वेलांटी, अनुस्वार यांचे खिळे सुटे असत, मुंगीएवढे. संध्याकाळी फरशी झाडली की केरात दोन-चार निघायचेच. आमचे फोरमन ते तळहातावर घेऊन एवढंच म्हणायचे, "खिळा खाली आहे, म्हणजे पानात भोक आहे."

एकदा एका सराफाच्या जाहिरातीतून अनुस्वाराचा आणि 'ग'चा असे दोन खिळे निसटले. ओळ ढिली पडली म्हणून जुळाऱ्याने दोन स्पेस टाकून ती घट्ट केली. दुसऱ्या दिवशी समस्त पुण्याला कळलं की सदर पेढीवर मळसूत्राच्या घडणावळीत सूट आहे. मळसूत्र म्हणजे स्क्रू. सराफाला ते मराठीत सांगून पटलं नाही. मला मात्र आता वाटतं की नियतीने या विषयावर माझी नेमणूक त्याच दिवशी केली होती.

शब्द मोठा नामी आहे. दांड्याभोवती वेटोळं घालून बसलेलं सूत्र ते मळसूत्र. बाजाराने त्याला केव्हाच निवृत्त केलं आणि 'स्क्रू' घेतला. पण त्याच्या वळशांना आपण अजून 'आटे' म्हणतो आणि ते गेले की काय होतं हे स्क्रूपेक्षा नातेवाइकांच्या बाबतीत जास्त वेळा बोलतो.

आता निमित्ताकडे येतो. १४ ऑक्टोबर २०२५ रोजी मायक्रोसॉफ्टने विंडोज १०ची देखभाल थांबवली. हिंजवडीत नोकरी करणारा माझा भाचा त्या आठवड्यात फराळाला आला, माझ्या बारा वर्षांच्या जुन्या यंत्राकडे त्याने डॉक्टर बघतात तसं पाहिलं आणि म्हणाला, "मामा, याच्यावर अकरा चढणार नाही. टीपीएम नाहीये."

टीपीएम म्हणजे तपकीर गल्ली–पासोड्या विठोबा–मंडई असा काही नवा बसमार्ग असावा असं मला वाटलं. तसं नव्हतं. ती बोर्डावर बसवलेली, किंवा प्रोसेसरच्या पोटातच असलेली, एक तिजोरी असते. डिस्कला लावलेल्या कुलपाच्या किल्ल्या ती सांभाळते आणि यंत्र सुरू होताना कुणी आतल्या आत छेडछाड केली आहे असं दिसलं तर किल्ली द्यायला नकार देते. २०२१मध्ये विंडोज ११ आली तेव्हापासून या तिजोरीची दुसरी आवृत्ती असल्याशिवाय प्रवेश नाही. माझं यंत्र २०१३चं. ते धडधाकट होतं, टायपिंग होत होतं, पंचांग उघडत होतं. पण पोटात तिजोरी नाही म्हणून पंगतीत बसायला मनाई. ही शिवाशिव कुणाला तरी खटकेल असं वाटलं होतं. भाच्याने खिशातून यादी काढली.

यादी घेऊन आम्ही बुधवार पेठेत गेलो. ही पेठ औरंगजेबाने वसवली तेव्हा तिचं नाव मुहियाबाद होतं. पेशवाईत तिला वार मिळाला. इथे देवालासुद्धा बाजारावरून नाव पडतं. शेजारी पासोड्या विकल्या जात, म्हणून विठोबा पासोड्या झाला. त्या न्यायाने आजच्या बाजाराकडे पाहिलं तर एखादा एलईडी मारुती किंवा चार्जर दत्त व्हायला हरकत नव्हती, पण अलीकडे लोकांची श्रद्धा कमी झाली आहे.

तपकीर गल्लीच्या नावाचाही एक वाद आहे आणि तो मुद्रितशोधकाला टाळता येत नाही. काही पाट्यांवर 'तपकीर' आहे, काहींवर 'तापकीर'. पहिला पाठ धरला तर गल्ली नाकात ओढायच्या पुडीची. दुसरा धरला तर एका घराण्याची. एकाच गल्लीत, एका काना-अंतरावर, दोन संप्रदाय सुखाने वायरी विकत आहेत. पाठचिकित्सेचा एक जुना नियम आहे की दोन पाठांपैकी जो अवघड तो मूळचा, कारण नकलाकार नेहमी अवघडाचं सोपं करतो, सोप्याचं अवघड कधी करत नाही. नियम चांगला आहे, पण पुण्यात अवघड काय आणि सोपं काय हे सांगणाऱ्यालाच अवघड जातं. मी ज्या दुकानात उभा असेन त्या दुकानाच्या पाटीचा पाठ प्रमाण मानतो. त्यामुळे भावात फरक पडत नाही, पण चहा मिळतो.

या गल्लीत वायरी, स्विच, बटणं, स्पीकर, सीसीटीव्ही, मोबाइलचे सुटे अवयव, आणि गणपतीच्या आधी रोषणाईच्या इतक्या माळा असतात की दिवसाढवळ्या डोळे दिपावेत. यंत्राचे मोठे भाग आम्ही जवळच्याच एका दुकानातून घेतले. त्या दिवसांत रॅमचे भाव रोज चढत होते. दुकानदार सराफासारखा आधी फोन लावून आजचा भाव विचारायचा आणि मग आमच्याकडे अशा नजरेने बघायचा, की हे घेणारे आहेत की नुसतं वजन बघायला आले आहेत. शेवटी प्रोसेसर, बोर्ड, रॅम, एसएसडी, एसएमपीएस आणि कॅबिनेट मिळून बिल झालं. निघताना त्याने काउंटरखालच्या एका बरणीत हात घातला आणि मूठभर स्क्रू भाच्याच्या पिशवीत सोडले. "असू द्या काका. लागतात."

ही मूठ हा या प्रबंधाचा कळीचा पुरावा आहे. बिलावर प्रत्येक वस्तूचा एचएसएन क्रमांक होता, १८ टक्के जीएसटी होता, कॅबिनेटचा रंगसुद्धा होता. स्क्रूंनाही सरकारने क्रमांक दिलेला आहे, ७३१८. पण मुठीचा उल्लेख बिलात कुठेच नव्हता. म्हणजे ज्यांच्यावाचून वरच्या सगळ्या वस्तू नुसता ढिगारा ठरतात, ते कायद्याच्या दृष्टीने नव्हतेच.

जोडणी रविवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर झाली. भाच्याने पहिल्यांदा पंखा बंद केला. स्क्रू कागदावर काढून ठेवले होते. सौभाग्यवती स्वयंपाकघरातून म्हणाली, "बरं केलंस बंद केलास. दिवाळीच्या साफसफाईपासून त्याची वाटी खाली घसरलीय. अहो, जरा बघाल का?" मी हात वर करून तिला थांबवलं. प्रोसेसर बसवणं चालू होतं, आणि त्यावर लावायची पेस्ट मोहरीएवढी असावी की वाटाण्याएवढी यावर भाच्याशी माझा गंभीर मतभेद झाला होता. (तो विषय स्वतंत्र प्रबंधाचा आहे.) दुपारी अडीचला यंत्र सुरू झालं. पावणेतीनला वर्तमानपत्र उचललं, आणि स्क्रू मिळाला.

भाचा म्हणाला, "मामा, एक्स्ट्रा आहे. सोडा." आणि घरी गेला.

सोडणं माझ्या रक्तात नाही. माझ्याकडे आजोबांची पितळी तपकिरीची डबी आहे. तिच्यात १९९७पासून आमच्या घरी जोडलेल्या प्रत्येक यंत्रातून उरलेला एकेक स्क्रू जपून ठेवलेला आहे. नव्या पाहुण्यासह संग्रहात आता चार नमुने झाले. चार हस्तलिखितं हाताशी असली की पुणेकराला चिकित्सक आवृत्ती काढावीशी वाटणं साहजिक आहे. भांडारकर संस्थेने महाभारताची अशी आवृत्ती १९१९ साली हाती घेतली आणि १९६६ साली पुरी केली. त्यासाठी १,२५९ हस्तलिखितं तपासली. माझी सामग्री त्या मानाने तुटपुंजी, पण वयही राहिलेलं नाही. विष्णु सीताराम सुखठणकरांनी घालून दिलेली शिस्त हीच: आधी सगळ्या प्रतींचं वर्णन, मग त्यांची कुळं, मग मूळ संहिता, आणि जे मागाहून घुसलं ते प्रक्षिप्त म्हणून बाहेर, तळटीपेत.

प्रत 'अ', १९९७. लांबी पाव इंचाला कमी, आटे अतिशय बारीक, डोक्यावर गंजाचा ठिपका. हा फ्लॉपी ड्राइव्हचा. बारीक आट्यांवरून शंका राहत नाही. या यंत्राच्या कॅबिनेटला पुढे एक कुलूप होतं आणि नळीसारखी गोल किल्ली. १९८४च्या आयबीएम एटीपासून ही रीत पडली. कुलूप लावलं की कीबोर्ड मुका होई. माझ्या यंत्रात तेव्हा तीन लग्नपत्रिका आणि एका कादंबरीचं निम्मं प्रूफ एवढाच ऐवज होता, तरी मी किल्ली देव्हाऱ्यात, बाळकृष्णाच्या मागे ठेवत असे. पुढे शेजाऱ्यांनी यंत्र घेतलं. एकदा ते किल्ली हरवली म्हणून आले, मी सहज माझी लावून पाहिली, आणि त्यांचं कुलूप विनातक्रार उघडलं. त्यांची किल्ली सापडल्यावर त्यांनी ती माझ्याकडे लावून पाहिली नसेल असं मानायला मला आजही जड जातं.

कुलुपावरचा विश्वास उडाला तसा मी पासवर्डकडे वळलो. सुरू होतानाच विचारणारा बायॉसचा पासवर्ड मी ठेवला आणि तीन आठवड्यांनी विसरलो. दुरुस्तीला आलेल्या मुलाने कॅबिनेट उघडलं, बोर्डावरची नाण्याएवढी बॅटरी नखाने उचकटली, पाच मिनिटं बाहेर ठेवून परत बसवली, आणि यंत्र माझ्याप्रमाणेच पासवर्ड विसरलं. त्या बॅटरीला सीआर २०३२ म्हणतात: व्यास २० मिलिमीटर, जाडी ३.२. नावातच मापं असलेली इतकी प्रामाणिक वस्तू मी दुसरी पाहिली नाही. नव्या यंत्रांत टीपीएमच्या किल्ल्या अशा बॅटरी काढून विसरत नाहीत, हे खरं. पण डिस्कला कुलूप लावताना तिथेही आणीबाणीसाठी ४८ आकड्यांची एक किल्ली लिहून ठेवायला सांगतात, आणि ती मी कालनिर्णयच्या डिसेंबरच्या पानामागे, दूधवाल्याच्या हिशोबाखाली लिहिली आहे. चोराने डिस्क नेली तर कॅलेंडरही न्यावं लागेल. बहुतेक चोर तिथवर विचार करत नाहीत.

मूळ मुद्दा असा की बॅटरी काढायची तर झाकण उघडावं लागतं, आणि झाकण मागच्या बाजूने दोन स्क्रूंनी धरलेलं असतं, जे आजकाल पेचकसाशिवाय नुसत्या बोटांनी फिरतात. लॅपटॉपला साखळीने बांधायची केन्सिंग्टनची खाच असते. झाकण उघडलं तर दवंडी पिटणारी बटणं काही कॅबिनेटांत असतात. पण आपल्या घराघरांत यंत्राची राखण आजतागायत त्या दोन स्क्रूंवरच चालू आहे, आणि त्यातला एक बहुधा नसतो.

प्रत 'आ', २००५. षटकोनी डोकं, जाड आटे, तब्येत भरदार. हा एसएमपीएसचा. तो नसतानाही एसएमपीएस राहिलेल्या तिघांवर आठ वर्षं टिकला. उन्हाळ्यात किंचित गुणगुणायचा.

प्रत 'इ', २०१३. काळा. याहून सांगण्यासारखं काही नाही.

या तिघांवरून दोन कुळं स्पष्ट दिसतात. पहिलं सहा-बत्तीस: सहा नंबरची जाडी, म्हणजे साधारण साडेतीन मिलिमीटर, आणि एका इंचात ३२ आटे. कॅबिनेट, एसएमपीएस आणि मोठ्या हार्ड डिस्कचा कारभार या कुळाकडे. दुसरं एम-तीन: तीन मिलिमीटर जाड, दोन आट्यांत अर्ध्या मिलिमीटरचं अंतर. फ्लॉपी, सीडी ड्राइव्ह, छोट्या डिस्क याच्याकडे. बोर्ड ज्या पितळी खुंट्यांवर बसतो त्यांच्यात दोन्ही सापडतात, आणि तिथेच खरे संसार मोडतात. एम-तीनच्या भोकात सहा-बत्तीस दाबून बसवला की पहिले दोन वळसे गोडीने जातो, तिसऱ्याला अडतो, चौथ्याला आटे खातो. स्थळ बघतानाच मापं विचारायची असतात.

ही भाऊबंदकी जुनी आहे. इंग्लंडात जोसेफ व्हिटवर्थने १८४१ साली आट्यांचं पहिलं प्रमाण सुचवलं आणि आट्याचा कोन ५५ अंश ठरवला. अमेरिकेत विल्यम सेलर्सने १८६४ साली ६० अंश ठरवला. या पाच अंशांपायी दोन महासत्तांचे नटबोल्ट दुसऱ्या महायुद्धातही एकमेकांत बसेनात, तेव्हा कुठे युद्धानंतर समेट झाला. आपण १९५६ साली कायदा करून दशमान पद्धत घेतली, शेर आणि छटाक मोडीत काढले, आणि माझ्या आजीने त्या धक्क्यातून मरेपर्यंत न सावरता किलोला 'नवा शेर' म्हटलं. पण कॅबिनेटच्या मागच्या बाजूला ही बातमी अजून पोचलेली नाही. तिथे आजही इंच नांदतो.

स्क्रूच्या डोक्यावरच्या फुलीबद्दल एक वाक्य पुरे. ती हेन्री फिलिप्सची, १९३६च्या पेटंटांची, आणि आपण तिला 'स्टार' म्हणतो, जरी खरा तारा दुसऱ्याच जातीच्या स्क्रूवर असतो. आमच्या घरी तिला उघडायला टेस्टर वापरतात. टेस्टरने आमच्या घरी सगळंच उघडतात. वीज तपासायला मात्र बोट लावून पाहतात.

आता प्रत 'ई', २०२५. मापं घेतली. जाडी चार मिलिमीटर. सहा-बत्तीसपेक्षा जाड, एम-तीनपेक्षा कितीतरी जाड. आट्यांच्या मुळाशी काळसर तेलकट थर. हा दोन्ही कुळांत बसेना. इथे एखाद्या सामान्य माणसाने वेगळा विचार केला असता. मी एका तिसऱ्या, लुप्त शाखेचा शोध लागल्याचं डायरीत नोंदवलं आणि त्या रात्री मला झोप आली नाही.

विद्वानांमध्ये या संदर्भात दोन पक्ष संभवतात. पहिला अधिकवादी: स्क्रू जास्तच दिलेले असतात, उरला तर बिघडलं काय? हा माझ्या भाच्याचा पक्ष. तो सुखी आहे. दुसरा न्यूनवादी: उरलेला स्क्रू हा कुठल्यातरी रिकाम्या भोकाचा साक्षीदार असतो. हा आमच्या फोरमनचा, आणि म्हणून माझा. मम्मटाने वाक्याच्या दोषांत 'न्यूनपद' आणि 'अधिकपद' असे दोन वेगवेगळे सांगितले, कारण त्याने कॉम्प्युटर जोडला नव्हता. इथे एकच स्क्रू टेबलावर अधिकपद असतो आणि कॅबिनेटात न्यूनपद.

नैयायिक इथे जास्त उपयोगी पडतात. अभाव हवेत तरंगत नाही, तो कशाचा तरी असतो. ज्याचा असतो तो त्याचा प्रतियोगी. घट जन्मायच्या आधी त्याचा प्रागभाव, फुटल्यावर प्रध्वंसाभाव. त्याच चालीवर, भोकात स्क्रू बसण्यापूर्वी प्रागभाव, बसून निघून गेला तर प्रध्वंसाभावासारखं काहीतरी. घट आणि पट यांच्यावर आपल्या पूर्वजांनी इतकी शतकं घालवली, पण त्यांना अभाव आधी दिसायचा आणि प्रतियोगी मागून आठवायचा. माझी अडचण उलटी होती. प्रतियोगी माझ्या हातात होता आणि अभाव सापडत नव्हता.

अथर्ववेदाचा आधार मला सर्वांत दिलासा देणारा वाटला. त्याच्या अकराव्या कांडात एक सबंध सूक्त उच्छिष्टाच्या, म्हणजे यज्ञ झाल्यावर जे उरतं त्याच्या, स्तुतीचं आहे. साऱ्या विश्वाला त्या उरलेल्याचाच आधार आहे असा त्याचा भाव. मी हे जेवताना मोठ्या उत्साहाने सांगितलं. सौभाग्यवती म्हणाली, "उच्छिष्ट म्हणजे उष्टं ना? मग घासायला टाका. आणि ती पंख्याची वाटी आता पार खाली आलीय, कुरकुरतेय बघा." मी म्हटलं, "अगं, मी विश्वाच्या आधाराबद्दल बोलतोय." ती म्हणाली, "मी छताच्या."

यावरून दिसून येईल की स्वतंत्र संशोधनाला घरातून पाठिंबा मिळणं किती कठीण असतं.

शेवटी प्रयोग केला. यंत्र बंद करून, वायर काढून, झाकण उघडलं आणि प्रत्येक भोक विजेरी लावून तपासलं. बोर्डाला आठ. एसएमपीएसला चार. एसएसडीला एक, तांदळाच्या कणीएवढा. झाकणाला दोन. एकूण भोकं पंधरा, एकूण स्क्रू पंधरा. एकही जागा रिकामी नाही. बोर्डाखाली चुकून एखादी पितळी खुंटी राहिली तर ती मागच्या टाक्यांना टेकून सगळा कारभार शॉर्ट होतो, म्हणून तीही शंका फेडून घेतली, नव्हती. ३१ वर्षांच्या नोकरीत प्रूफ इतकं स्वच्छ निघाल्याचं आठवत नाही. अशा वेळी मुद्रितशोधकाला आनंद होत नाही, धडकी भरते.

नगर वाचन मंदिरात जाऊन जुने कोश पाहिले. १८४८पासून पुस्तकं सांभाळणाऱ्या त्या संस्थेत मळसूत्र सापडलं. उरलेलं मळसूत्र सापडलं नाही. ज्या शहरात सी-डॅकने १९९१ साली परम ८००० हा महासंगणक उभा केला, तिथे कुणीतरी त्यातून उरलेले स्क्रूही मोजले असतील, पण इतिहास विजेत्यांचा असतो. आता एकच निष्कर्ष उरला. संहिता पूर्ण आहे. प्रत 'ई' प्रक्षिप्त आहे. दुकानदाराच्या मुठीतून, दुसऱ्या कुठल्या यंत्राचा पाठ आमच्यात घुसला आहे. आणि प्रक्षिप्त पाठ ज्याचा त्याला परत करणं हे संपादकाचं कर्तव्य आहे.

डबी खिशात घालून मी पुन्हा त्या दुकानात गेलो. दुकानदाराने मला ओळखलं, म्हणजे निदान खुर्ची दिली. मी बिल काढलं, स्क्रू बिलावर ठेवला आणि म्हटलं, "हा तुमचा. चुकून आमच्याकडे आला."

त्याने बिल वरपासून खालपर्यंत वाचलं. "बिलावर नाहीये काका."

"बिलावर नाही, पण मुठीत होता."

"मुठीचं रिटर्न कसं घेणार?"

हा कायदेशीर युक्तिवाद बिनतोड होता, आणि मी त्याला तसं म्हटलंही. एचएसएन ७३१८चा मुद्दा मी काढणार होतो, पण तेवढ्यात त्याने स्क्रू उचलला, चिमटीत फिरवला, आट्यांतलं तेल अंगठ्यावर पुसून पाहिलं. मला वाटलं लुप्त शाखा ओळखणारा जगातला दुसरा माणूस मला भेटला.

"हा आमचा नाहीच," तो म्हणाला. "कॉम्प्युटरचाच नाही. पंख्याचा आहे. वर वाटी असते ना, तिचा. पुसताना ढिला होतो, मग एखाद्या दिवशी पडतो. समोरच्या दुकानात विचारा, तेही हेच सांगतील."

मी काही बोललो नाही. त्याने स्क्रू परत माझ्या हातात दिला, आणि मग त्याच्या चेहऱ्यावर थोडी काळजी आली.

"दोन असतात काका. दुसरा आहे ना जागेवर?"

मी सवयीने वर पाहिलं. त्याच्या दुकानात एसी होता.